जिथं बसायचं तिथं सामान

खोका जिन्याच्या वळणावर अडकला होता. खालून कुरियरचा माणूस ढकलत होता, वरून माधव एका हातानं ओढत होता. त्याच्या अर्ध्या गालावर दाढीचा साबण वाळत चालला होता, आणि तशा वाकलेल्या अवस्थेतच त्याला खोक्यावरचं नाव दिसलं. ओवीचं. त्याच्या मुलीचं. खाली पत्ता मात्र बंगळूरचा नव्हता; बारामतीचा, याच सोसायटीचा, याच जिन्याचा होता. बाजूला तिच्या नव्या कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली खुर्चीचं लहानसं चित्र. माधवचा हात आपोआप सुटला. खोका खाली घसरला आणि खालून ओरडा आला, "अहो काका, मारता काय मला! धरा की नीट!"

दुसऱ्या कुणाला त्यात खुर्ची दिसली असती. माधवला तिच्या पलीकडचं दिसलं, कारण खुर्च्या हेच त्याचं काम होतं. एमआयडीसीतल्या ज्या कंपनीत तो होता तिथं शेतकऱ्यांचे फोन यायचे. डाळिंबावर डाग पडलेत, ठिबकच्या नळ्या तुंबल्यात, उसाचं पाणी कधी तोडू. फोन घेणारी पोरं-पोरी सारखी बदलायची, वाढायची, आणि नवा माणूस रुजू व्हायच्या आधी त्याच्या बुडाखालच्या खुर्चीपासून कानावरच्या हेडफोनपर्यंत सगळं तयार ठेवणं माधवकडं होतं. टेबल, लॅपटॉप, तो उघडायचा पासवर्ड, गळ्यातलं कार्ड. निम्मे लोक आता आपापल्या गावातून, घरातूनच काम करत. मग सामान घेऊन माधव त्यांच्या घरी जायचा. या कामात त्यानं स्वतःपुरता एक नियम केला होता: माणूस जिथं बसणार तिथं सामान. लॅपटॉपवरून माणसाचं काही कळत नाही, तो पाठीला लावून कुणीही कुठंही जातं. खुर्चीचं तसं नाही. खुर्ची काही एसटीत मांडीवर घेऊन नेता येत नाही. ती पाठवण्याआधी माधव नव्या माणसाला स्वतः फोन करून विचारायचा की बाबा रे, नक्की कुठं बसणार आहेस, घरी की मामाकडं. आणि उत्तर देताना तो जरा चाचरला तरी खुर्ची गोदामातून हलू द्यायचा नाही. म्हणजे ओवीलाही कुणीतरी असंच विचारलं असणार. आणि ओवीनं, न चाचरता, बारामती सांगितलं असणार.

"आधी तोंड धुवा," त्याची बायको विनया म्हणाली. ती शाळेत जायच्या घाईत होती. खांद्यावर पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा. "काय आलंय एवढं?"

"खुर्ची. ओवीची."

"इथं?"

"इथं म्हणजे इथंच. पत्ता बघ की."

विनयानं पत्ता वाचला. मग त्याच्याकडं बघितलं, साबण लावलेल्या आणि न लावलेल्या दोन्ही गालांकडं. "विचारा तिला, इथं का पाठवलीय."

"खुर्ची कशाला पाठवतात माणसं?"

"तेच विचारा म्हणतेय मी," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

त्यानं फोन केला. तीन वर्षं बंगळुरात काढून ओवीनं तिथली नोकरी सोडली होती आणि या नव्या कंपनीत लागली होती. कंपनीला म्हणे ऑफिसच नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या जागी बसून काम करायचं. "बाबा, आता कुठूनही काम करता येईल," असं ती मागं एकदा म्हणाली होती, आणि त्या 'कुठूनही'मध्ये बारामती बसते की नाही हे माधवनं तेव्हाही विचारलं नव्हतं. आता फोनवर तिच्या मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "आली का? जड आहे ना? असू दे तशीच बाबा, उघडू नका. अजून दोन खोकी येतील. मी शनिवारी येतेय." तो म्हणाला, "ये." त्यानंतर एका प्रश्नाची जागा होती. ती रिकामी राहिली, मग ओवी म्हणाली, "चला, ठेवते," आणि ती जागाही गेली. माणसं परक्यांना काय वाटेल ते विचारू शकतात. माधव दर आठवड्याला अनोळखी पोरांना विचारत असे, तुम्ही डावखुरे आहात का, पाठ दुखते का, चष्म्याचा नंबर वाढलाय का. पण ज्याचं उत्तर हवं तेच येईल याची खात्री नसते, तो प्रश्न घरात कुणी विचारत नाही.

दिवसभर तो कामात होता आणि कामात नव्हता. दुपारी एका रिकाम्या टेबलाखाली वाकून तो वायरींना पट्ट्या मारत होता, आणि अचानक त्याला इंदापूरची ती पतसंस्था आठवली, जिथं तो पहिल्यांदा नोकरीला लागला होता. तिथं त्याच्यासाठी खुर्ची नव्हती. असंही नव्हतं की कुणी मुद्दाम दिली नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं की नवा माणूस आला म्हणजे त्याला बसायला लागेल. मग रोज सकाळी तो दारात उभा राहून आज कोण रजेवर आहे ते बघायचा. कॅशियर लग्नाला गेला की कॅशियरच्या खुर्चीत. हेडक्लार्कची म्हातारी आजारी पडली की हेडक्लार्कच्या. कुणीच रजेवर नसलं की कपाटाला टेकून उभ्यानं काम. घरी आल्यावर आई विचारायची, काय केलंस रे आज, तर त्याला पहिल्यांदा आठवायची ती खुर्ची: आज हिची एक पट्टी तुटलेली होती, आज हिच्यावर उशी होती. पुढं त्याला स्वतःची खुर्ची मिळाली, नोकऱ्या बदलल्या, बारामतीत घर झालं, तरी एखाद्या समारंभात पुढच्या रांगेत बसवलं की अजूनही त्याला वाटायचं, कुणीतरी येऊन म्हणेल, उठा, आलेत ते. म्हणून नवीन माणसाला खोकी दाखवायची नसतात, जागा दाखवायची असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ओवी म्हणत होती, उघडू नका.

त्यानं संध्याकाळी उघडली.

ओवीची खोली आता ओवीची उरली नव्हती. तिथं इस्त्रीचं टेबल होतं, विनयाचं शिवणाचं मशीन, मोकळ्या बॅगा, उन्हाळ्यातला कूलर, पाहुण्यांच्या गाद्या. रिकाम्या खोलीत घर हळूहळू सामान सरकवत राहतं, पाणी उताराकडं जावं तसं. कुणी ठरवून करत नाही. माधवनं एकेक वस्तू बाहेर काढली. गाद्या हॉलमध्ये, मशीन त्या दोघांच्या खोलीत, कूलर गॅलरीत. कूलरमागं भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा निघाल्या, ओवीची उंची मोजल्याच्या. त्या मोजायला ती कधी सरळ उभी राहायची नाही, टाचा उचलायची. दहावीला त्यानं तिला टेबल आणून दिलं होतं, दोन कप्प्यांचं, दिवा बसवलेलं. त्यावर तिनं कपडे ठेवले. अभ्यास केला तो स्वयंपाकघरात, फरशीवर पालथं पडून, आई पोळ्या लाटत असताना, मिक्सर चालू असताना. "तिथं टेबल आहे ना तुला?" "तिथं झोप येते बाबा." बारावीनंतर ती पुण्याला गेली, मग बंगळूरला, आणि टेबल तसंच राहिलं, एखाद्या माणसानं हाक मारून उत्तराची वाट बघत थांबावं तसं. ती गेल्यापासून घरात काय कमी झालं हे सांगता येण्यासारखं नव्हतं. न्हाणीघरातला नळ नीट बंद असायचा. चहाचे अर्धे कप खिडकीत सापडत नसत. चपला जोडीनं असायच्या. तिघांच्या घरात बोलणं त्रिकोणात फिरायचं, एकाचा टोमणा दुसऱ्याला लागायचा आणि तिसरा हसायचा. दोघांच्या घरात ते सरळ रेषेत जाई, गॅस लावला का, दूधवाला आला का, आणि पलीकडच्या टोकाला पोचलं की संपे. माधवला पुष्कळदा वाटे की आपण विनयाशी बोलत नाही, फक्त कळवतो.

बुधवारी स्क्रीन आली आणि एका लहान खोक्यात कीबोर्ड, माऊस, हेडफोन. त्यानं स्क्रीन लोखंडी हातावर बसवली, वर-खाली करून बघितली. ओवी डावखुरी, म्हणून दिवा उजवीकडं. टेबल पूर्वेच्या भिंतीला लावलं होतं, ते रात्री जेवता जेवता त्याला पटेनासं झालं, कारण सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येईल; हात धुऊन त्यानं ते उत्तरेच्या भिंतीला नेलं. शेजारचे संदेश काका जिन्यात भेटले. "काय माधवराव, ठोकाठोकी चाललीय? भाडेकरू ठेवताय की काय?" "ओवी येतेय," माधव म्हणाला, "इथूनच काम करणार ती आता." ते वाक्य त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकलं, आणि ते इतकं सरळ, इतकं ठरलेलं वाटलं की पुढचे दोन जिने तो पाय न दुखता चढला.

गुरुवारी त्याला अंथुर्ण्याला जायचं होतं. सुप्रिया नावाची नवी मुलगी, शेतीचा डिप्लोमा झालेली, लग्न होऊन त्या गावात आलेली. तिची जागा घरीच लावून द्यायची होती. कंपनीच्या गाडीत मागं टेबल, खुर्ची, लॅपटॉप. काटेवाडी मागं पडली, पुढं उसाचे दुहेरी ट्रेलर रस्ता अडवून चाललेले, त्यांच्या मागं मागं जाताना काचेवर पाचटाचे तुकडे येऊन बसत. माधवला घाई नव्हती. तो मनात ओवीच्या टेबलावर एक फळी बसवत होता.

घर मळ्यातच होतं. पुढं सोपा, मागं गोठा, कडेला ट्रॅक्टर. सासरे गेणबा टोपी सावरत पुढं आले. "या सायब. लांबनं आलाय, पाणी घ्या आदी. आन ते टेबल हितं मांडा, सोप्यात."

"सोप्यात आवाज येईल आबा. दार असलेली खोली लागते आम्हाला."

"दाराआड कोंडून काय करायचं? येनाऱ्या-जानाऱ्याला दिसाय नको व्हय, आमची सून कंपनीत हाय म्हनून?"

"अवो, तिला काम करायचं हाय का तुमास्नी दुकान मांडायचं हाय?" आतून सासू, द्वारकाबाई, म्हणाल्या. त्यांच्या हातात ताम्हण होतं. माधवनं लॅपटॉप नुकताच उघडून चटईवर ठेवला होता, आणि कुंकवाचं बोट त्याच्या बटणांवर उतरणार एवढ्यात त्यानं हात आडवा घातला.

"मावशी, आत जाईल ते. बंद पडेल."

"मग कुटं लावू? यंत्र हाय न्हवं? टॅक्टर आला तवा लावलं, कडबा कुट्टी आली तवा लावलं. ह्येलाच काय सोनं लागून गेलंय?"

त्यानं झाकण मिटलं. झाकणावर हळद आली, कुंकू आलं, वर दोन अक्षता. गेणबांनी नारळ फोडला आणि पाणी उंबऱ्यावर शिंपडलं. खताच्या गोण्या ठेवायची एक खोली होती, दाराला कडी होती. सुप्रियाचा नवरा ऋषिराज गोण्या हलवायला तयार होता, कुणाचा कशाला विरोध नव्हता. एका पोरीनं घरी बसून काम करावं म्हणून अख्खं घर उठून उभं राहिलं होतं. असंच असतं, माधवला वाटलं. असंच हवं.

वायर विसरली म्हणून तो गाडीकडं गेला तर सुप्रिया मागोमाग आली. डोक्यावरचा पदर तिनं एका हातानं धरून ठेवला होता. "सर, एक विचारू? बारामतीच्या ऑफिसात जागा न्हाई का एखादी?"

"जागा आहे. पण रोज एवढ्या लांब? इथं किती हौसेनं करताहेत सगळे."

"लई हौसेनं करतात. माझी तक्रारच न्हाई सर." ती घराकडं बघत राहिली. "पण घरात बसलं ना, की मी घरातलीच असते. तिकडून शेतकरी विचारणार, औषध किती टाकू, आन मागनं आत्याबाई विचारणार, डाळीत मीठ घातलंस का. त्यांचंबी चुकत न्हाई. घरात दिसलं की माणूस मोकळंच वाटतं. लग्नाच्या आधीपासनं मला वाटायचं सर, सकाळी डबा घेऊन एसटीला उभं राहायचं. बास, एवढंच."

माधव वायर हातात घेऊन उभा राहिला. मग आत गेला आणि म्हणाला, "आबा, इथं रेंज कमी पडतेय."

"रेंज? हितं?" गेणबा उठूनच उभे राहिले. "आमच्या गोठ्यात म्हस सुदिक व्हिडिओ बघंल एवढी रेंज हाय!"

"कंपनीच्या कामाला वेगळी लागते."

"मग तुमचं यंत्र लईच नखऱ्याचं म्हनायचं."

द्वारकाबाईंनी माधवकडं बघितलं, मग सुनेकडं, मग पुन्हा माधवकडं. त्यांना रेंजमधलं काही कळत नसावं, पण बाकीचं कळलं होतं. "जाऊ द्या तिला बारामतीला," त्या म्हणाल्या. "आमाला काय ते बोचकं घरात नाचवायचंय? पर सुप्रे, सांजंला धारंच्या वक्ताला घरात पाय पायजे." सुप्रियानं मान हलवली आणि लॅपटॉपचं खोकं उचललंही, माधवनं सांगायच्या आत, गाडीपर्यंत ती ते जवळजवळ पळतच घेऊन गेली.

परतताना माधव स्वतःवर खूश होता. गाडीत तो चक्क गुणगुणत होता. त्या पोरीनं सांगितलं ते आपण ऐकलं, आपल्याला कळलं; सुप्रियासाठी कुठलं टेबल द्यायचं तेही त्यानं ठरवून टाकलं, दाराजवळचं, म्हणजे एसटीची वेळ झाली की कुणाला ओलांडावं लागणार नाही. आणि बारामतीत शिरल्यावर त्यानं हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबवून ओवीच्या फळीसाठी दोन ब्रॅकेट आणि स्क्रूची पुडी घेतली. दुसऱ्याच्या घरातली अडचण माणसाला उंबऱ्यावर पाय ठेवताच दिसते. स्वतःच्या घरात तो भिंतीला भोकं पाडत बसतो.

संध्याकाळी तो ड्रिल लावून उभा होता तेव्हा विनया दारात आली. फोन तिच्या हातात होता, नुकताच संपलेला. ती काहीतरी बोलणार असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं बोट उचललं, ड्रिल थांबलं. "काय गं?" विनयानं खोलीभर नजर फिरवली. टेबल, खुर्ची, दिवा, टेबलाखाली जुडी बांधून नेलेल्या वायरी. "काही नाही," ती म्हणाली. मग आत जाऊन जुनं वर्तमानपत्र घेऊन आली आणि भोकाखाली दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, भुकटी खाली पडू नये म्हणून. दुसरं भोक पाडून होईपर्यंत ती तशीच उभी होती. माधवला त्या वेळी फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी दोघं मिळून काहीतरी करत होते.

शनिवारी ओवी आली ती जेवायच्या वेळेला. तिचे केस कापलेले होते, त्यामुळं दारात क्षणभर ती दुसरीच कुणी वाटली. मग तिनं चपला दोन दिशांना भिरकावल्या आणि ती ओवी झाली. "भूक लागलीय, भूक लागलीय," म्हणत ती बॅग ठेवायला खोलीकडं गेली. आणि तिथून आवाज यायचा थांबला. माधव पाण्याचा पेला घेऊन हॉलमध्ये उभा होता. त्यानं अशा कितीतरी क्षणांची व्यवस्था केली होती. नवीन माणूस आपल्या जागेपाशी येतो, टेबलावर हात फिरवतो, खुर्चीत बसून एकदा इकडं, एकदा तिकडं फिरतो. पुढं काय होतं ते त्याला पाठ होतं. खुर्चीची चाकं वाजली. एकदा इकडं. एकदा तिकडं.

"बाबा," ती आतून म्हणाली, "उंची एकदम बरोबर आहे."

जेवताना ती खूप बोलली. बंगळूरच्या घरमालकिणीच्या नकला केल्या, नव्या कंपनीतला साहेब मीटिंगमध्ये मांजर घेऊन बसतो ते सांगितलं. विनया हसली, माधव हसला, बोलणं पुन्हा त्रिकोणात फिरू लागलं होतं. ताटं उचलून झाल्यावर ओवी टेबलाशीच बसून राहिली आणि मेणकापडावरचं शीत नखानं खरवडत म्हणाली, "बाबा, मी पुण्यात खोली घेतलीय. बाणेरला. पुढच्या आठवड्यात मिळतेय ती. आधीचा माणूस अजून राहतोय तिथं, आणि सामान तर कंपनीवाले पाठवणारच होते, म्हणून म्हटलं बाबांकडं राहू दे. बाबा नीट ठेवतील."

माधवनं विनयाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"गुरुवारी कळलं. तिचा फोन आला तेव्हा," विनया म्हणाली. "तुम्ही भिंतीला ड्रिल लावून उभे होतात. काय सांगू?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. माधवला वाटलं आपण काहीतरी म्हणायला हवं, साधंच काहीतरी, अरे वा, बाणेर का, चांगलं आहे. त्याच्या बोटांना अजून ब्रॅकेटच्या लोखंडाचा वास होता. ओवी त्याच्याकडं बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला; लहानपणी परीक्षेतले गुण सांगताना व्हायचा तसा घाईचा झाला. "नाही, पण असंही करता येईल. खोली सोडून देते. अजून गेले कुठं आहे? इथं तर सगळं तयारच आहे. एवढं केलंय तुम्ही. खरंच बाबा, काम काय, कुठूनही होतं. इथं राहते. चालेल मला."

ते त्याला हवं होतं. आठवडाभर, खरं म्हणजे सात-आठ वर्षं, त्याला हेच हवं होतं, आणि आता ते टेबलावर येऊन पडलं होतं, हात लांब केला की आपलं. उद्या सकाळी नळ नीट बंद झालेला नसेल. खिडकीत कप सापडेल. तो "बरं" म्हणाला असता तर ती राहिली असती, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. कुरकुर न करता, हसत राहिली असती. पण 'चालेल' हा शब्द त्याच्या कामातला होता. इथं बसायला जमेल ना, असं विचारलं की काही नवी पोरं म्हणत, हो सर, मस्त आहे. काही म्हणत, चालेल सर. चालेल म्हणणाऱ्याची जागा माधव दुसऱ्या दिवशी, काही न विचारता, बदलून टाकायचा. इतकी वर्षं तो हे करत आला होता आणि एकदाही तो चुकला नव्हता. तो ओवीकडं बघत राहिला. आपल्या मुलीनं आपल्याला सर म्हटल्यासारखं त्याला वाटलं.

"खोली कशी आहे?" त्यानं विचारलं.

"कुठली?"

"बाणेरची."

"लहान आहे." ती विनयाकडं बघून परत त्याच्याकडं वळली. "पण हवेशीर आहे."

"लहान म्हणजे केवढी? दार कुठल्या बाजूला उघडतं?"

ओवीनं बोट पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि मेणकापडावर खोली काढायला सुरुवात केली. हे दार. ही खिडकी, हिच्यातून टेकडी दिसते, थोडीशीच, पण दिसते. इथं न्हाणीघर. हा पलंग, तो घरमालकाचाच आहे. इथं टेबल. काढता काढता ती पुढं झुकली, तिचा आवाज मोकळा झाला, गुडघा खुर्चीवर चढला, आणि माधवला अचानक कळलं की ही त्या खोलीत जाऊन आलेली आहे, तिथं भिंती मोजत उभी राहिलेली आहे, रात्री झोपायच्या आधी तिनं हे टेबल तिथं लावून बघितलेलं आहे, तो इथं लावत होता त्याच रात्री.

"टेबल इथं लागणार नाही," तो म्हणाला. "खुर्ची मागं सरकली की पलंगावर आदळेल. ही खुर्ची तशी रुंद आहे. पलंग भिंतीकडं का नाही घेतलास?"

"तिथं मोकळं ठेवलंय ना."

"कशाला?"

"तुम्ही आणि आई याल तेव्हा गादी टाकायला."

मेणकापडावरची खोली एका कोपऱ्यातून वाळत चालली होती. न्हाणीघर गेलं होतं, दार जायला आलं होतं. माधवनं पेला जवळ ओढला, बोट भिजवलं आणि पलंगाची नवी रेघ काढली, मोकळ्या जागेच्या मधोमध, भिंतीला चिकटून. मग टेबल सरकवलं, खिडकीखाली आणलं. खुर्चीसाठी एक गोल काढला आणि तिच्या मागं बोटानं एकदा जाऊन-येऊन बघितलं. आता ती कशालाच लागत नव्हती.

"मग तुम्ही कुठं झोपणार?" ओवी म्हणाली.

"आम्ही काय," माधव म्हणाला, "संध्याकाळच्या एसटीनं परत येत जाऊ."